घोडं पेंड खातं कुठे?

संगणक घ्यायचा तर एकदाच घ्यायचा आणि दणकून घ्यायचा, असं माझं मत होतं. मत कसलं, धोरणच. प्रोसेसर बाजारातला वरून पहिला, फार तर दुसरा. ग्राफिक्स कार्ड खिसा किंचाळेल इतकं मोठं. रॅमचे चारही स्लॉट भरलेले. एडिटिंग शिकणारी पोरं सल्ला विचारायला यायची तेव्हा त्यांना हेच सांगायचो आणि वर ‘पुढची दहा वर्षं बघायला नको’ अशी पुस्ती जोडायचो. आता हे सांगत नाही. तेव्हा ज्यांनी ऐकलं त्यांतले काही अजून संपर्कात आहेत. ‘दादा, तुम्ही पार्टी बदललीत,’ असं ते म्हणतात. बदलली, खरं आहे. पण जुनं मतही काही हवेतून आलेलं नव्हतं, म्हणून तिथूनच सांगतो.

मी या धंद्यात आलो लग्नाच्या कॅसेटींच्या मिक्सिंगमधून. मिनी डीव्ही कॅसेट फायरवायरच्या केबलने मशिनमध्ये घ्यायची. तासाभराची कॅसेट आत यायला तासच लागायचा आणि तिची फाइल तेरा जीबीची व्हायची. ऐंशी जीबीच्या डिस्कवर एक लग्न मावायचं, तेही वरातीला कात्री लावून. एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटलचे तयार प्रोजेक्ट टाकायचे, नवरा-नवरीचे फोटो गोल फिरवायचे आणि शेवटी डीव्हीडीसाठी एमपेग-२ करायला लावून झोपायला जायचं. पुढे कॅसेट गेली, मेमरी कार्डवाले कॅमेरे आले, त्यांच्या एच.२६४ फाइली तर कोअर टू ड्युओवर धड चालायच्याही नाहीत. नवरी हार घालायला हात उचलायची आणि हार थेट गळ्यात दिसायचा. अशा काळात नवा प्रोसेसर टाकला की फरक डोळ्यांना दिसायचा. रात्रभराचं काम जेवणाच्या आत उरकायचं. मशिन सगळीकडेच कमी पडत होतं, त्यामुळे पैसा कुठेही ओतला तरी तो कारणी लागायचा. माझं मत तिथे घडलं. त्या काळापुरतं ते बरोबर होतं, आणि ते मी आजही मागे घेत नाही.

रेंडर चालू असताना गच्चीवर फेऱ्या मारता मारता फार छान विचार सुचायचे, असं आमच्या पिढीतले काही जण आता सांगू लागलेत. मला काही सुचायचं नाही. झोप यायची, आणि सकाळी उठून बघावं तर मध्यरात्री वीज जाऊन आलेली असायची.

‘दहा वर्षं बघायला नको’ या वाक्याला पहिला तडा गेला तो मला कधीच न परवडलेल्या एका मशिनमुळे. ॲपलचा मॅक प्रो. २०१३ मध्ये तो काळ्या चकचकीत नळकांड्याच्या रूपात आला. आत दोन ग्राफिक्स कार्डं, पण बाजारातलं दुसरं कार्ड आणून बसवायची सोय नाही. त्या आकारामुळे उष्णतेच्या बाबतीत आपणच स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलं, अशी कबुली २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी मोजक्या पत्रकारांपुढे दिली. मग डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा उघडता येणारा टॉवर विक्रीला आला. किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढे, आठ पीसीआय स्लॉट, दीड टेराबाइटपर्यंत रॅम, १४०० वॅटचा पॉवर सप्लाय. त्याची माहिती मी दिवाळी अंकासारखी पुरवून पुरवून वाचली. आणि जून २०२० मध्ये ॲपलने जाहीर केलं की आता इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या चिपवर जाणार. टॉवर बाजारात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. २०२३ चा मॅक प्रो दिसायला तोच, पण रॅम चिपच्या सोबतच कायमची पक्की, कमाल १९२ जीबी, आणि स्लॉट असूनही त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही. आठ स्लॉट आणि दीड टेराबाइटची जागा ठेवून ज्यांनी भविष्याची तरतूद केली होती, त्यांचं भविष्य दुसऱ्याच कुणाच्या तरी बैठकीत ठरत होतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण माझ्याच टेबलाखाली होतं. २०१७ मध्ये एएमडीचे रायझन आले तेव्हा हात आखडता होता, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मध्यम किमतीचा मदरबोर्ड आणला, ‘वेळ निभावून नेऊ’ एवढ्याच हिशोबाने. त्याच सॉकेटवर कंपनीने पुढच्या पिढ्या काढल्या, आणि २०२२ मध्ये तर सुरुवातीच्या बोर्डांनाही रायझन ५००० चालवायची मुभा दिली. बायोस अपडेट केलं, जुना प्रोसेसर काढला, थर्मल पेस्ट लावून नवा बसवला. एवढंच. यात माझी दूरदृष्टी शून्य. स्वस्तातला बोर्ड टिकेल आणि जगातला सर्वांत तयारीचा टॉवर अडेल, हे २०१७ साली कुणी सांगितलं असतं तर त्याला मीच वेड्यात काढलं असतं. आज कुणी ‘फ्यूचर प्रूफ’ म्हणालं की मी विषय बदलतो.

तरीही ‘दणकून’ हा शब्द माझ्या तोंडात होताच. तो गेला एका माहितीपटाच्या फुटेजमुळे.

२०२० नंतर नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी १०-बिट ४:२:२ चं चित्रीकरण एचईव्हीसी फाइलीत द्यायला सुरुवात केली. आकड्यांचा अर्थ एवढाच की नेहमीच्या ४:२:० मध्ये उजेडाच्या मानाने रंगाची माहिती पाव असते, ४:२:२ मध्ये ती निम्मी. कलर ग्रेडिंग करणाऱ्याला ही पर्वणी. त्या माहितीपटाचं फुटेज याच प्रकारचं होतं. माझ्याकडे तेव्हा आयुष्यात घेतलेलं सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड होतं आणि टाइमलाइन मात्र थेट कोअर टू ड्युओच्या काळात गेली होती. प्ले दाबलं की दोन फ्रेम, विश्रांती, परत दोन फ्रेम. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर घामाघूम, कार्ड निवांत.

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. कॅमेऱ्याची फाइल उलगडायला चिपवर एक वेगळा छोटा भाग असतो. तो ठरावीक प्रकारच्या फाइलीच ओळखतो आणि न ओळखलेलं सगळं प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. कार्ड कितीही ताकदवान असलं तरी त्या छोट्या भागाला ४:२:२ येत नसेल तर बाकीचा कारखाना हात बांधून उभा. इंटेलच्या २०२१ च्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या फुकटच्या, म्हणजे आतच असलेल्या ग्राफिक्सला हे एचईव्हीसीचं ४:२:२ उलगडता येत होतं. एनव्हीडियाच्या कार्डांत ही सोय आली २०२५ च्या ५० मालिकेत. एका मित्राच्या कार्ड नसलेल्या मशिनवर माझंच फुटेज लोण्यासारखं चाललं. त्यातही गंमत अशी की इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यात हे आतलं ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, आणि ‘कार्ड तर घेतोच आहेस’ म्हणत दुकानदार तोच सुचवतात. मीही किती जणांना सुचवला असेल!

त्यानंतर मला एक सवय लागली. मशिन अडलं की आधी घोडं पेंड खातं कुठे ते बघायचं. डिस्कचंच घ्या. सेकंदाला सात हजार मेगाबाइट वाचणाऱ्या एनव्हीएमईची जाहिरात बघून हात शिवशिवतात. पण कॅमेऱ्याची फाइल २०० मेगाबिटची, म्हणजे आठाने भागलं की सेकंदाला २५ मेगाबाइट. एवढं तर साधी हार्ड डिस्कही पुरवते. चार-पाच कॅमेऱ्यांचे ट्रॅक एकाच वेळी चालवले की तिची सुई इकडून तिकडे धावून दमते, तिथे साधी साटा एसएसडीसुद्धा पुरते. त्यापुढचा वेग एकामागून एक फाइली कॉपी करताना दिसतो, एडिटिंगमध्ये मला तरी दिसलेला नाही. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरची गोष्ट तर त्याहून मजेदार. २०२१ च्या अखेरीपर्यंत ते बहुतेक काम एका वेळी एकाच फ्रेमवर करत बसायचं. सोळा कोरांपैकी एक-दोन राबतायत आणि बाकीचे सरकारी सुट्टीवर, असं दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि तरी पुढच्या वेळी आणखी कोर घ्यायचे ठरवत राहिलो.

४:२:२ वर मी शेवटी केलं काय? प्रॉक्सी. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती काढायच्या, त्यांच्यावर काम करायचं आणि शेवटी मूळ फाइली जोडायच्या. प्रॉक्सीला मी इतकी वर्षं नाकं मुरडली होती. दुधाची तहान ताकावर भागवायचा प्रकार, ज्यांचं मशिन लंगडं त्यांच्यासाठी. खरं तर सिनेमावाल्यांनी निगेटिव्हला सहसा हातच लावलेला नाही. आधी वर्क प्रिंट असायची, पुढे व्हिडिओवर उतरवलेली प्रत आली. संकलक वॉल्टर मर्चने २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ फायनल कट प्रोवर, पॉवर मॅक जी४ मशिनवर कापला, तोही अशाच प्रतींवरून, आणि त्या संकलनाला ऑस्करचं नामांकन मिळालं. जी४ ची ताकद आजच्या मोबाइलपुढे काहीच नाही. ही माहिती मला आधीपासून होती. तिचा माझ्याशी काही संबंध आहे, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

अलीकडे ‘फ्लो’चं उदाहरण सगळे देतात. लाटवियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा हा ॲनिमेशनपट, ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये केलेला. २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं आणि त्याच गटात पिक्सारचा ‘इनसाइड आउट २’ही होता. अंतिम रेंडर रेंडर फार्मवर झालंच नाही, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पीसीवर झालं. ‘बघा, साधं मशिन पुरतं’ असा निष्कर्ष यातून काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याने ब्लेंडरचं झटपट रेंडर करणारं ईव्ही इंजिन निवडलं आणि सिनेमाचं रूपच त्याला झेपेल असं ठेवलं. मांजराच्या अंगावरचा केस न् केस दाखवायचा हट्ट धरला असता तर तोच पीसी रडकुंडीला आला असता. मशिन बघून चित्राचं रूप ठरवायला कलेची समज लागते. लॅमिंग्टन रोडवर ती मिळत नाही.

ताकद नकोच, असं मी म्हणत नाही. रात्रीच्या फुटेजमधला नॉइज काढायला, थ्रीडीला, आताच्या एआयच्या हत्यारांना कार्ड लागतंच. पण तिथेही वेगाआधी कार्डाची मेमरी बघायची. मेमरी कमी पडली तर काम नुसतं हळू होत नाही, ‘मेमरी संपली’ म्हणून थांबतंच. २०२१ मधलं स्वस्त आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं होतं आणि त्याच्याहून महाग, वेगवान ३०७० आठ जीबीचं. रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरमध्ये फोर-के टाइमलाइनवर जड नॉइज रिडक्शन टाकणाऱ्याला मी त्या वेळी ३०७० सुचवत होतो. आज ३०६० सुचवलं असतं.

एक गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. काचेचं कॅबिनेट आणि आतले रंगीत दिवे यांनी मला कामं मिळवून दिलीत. मुलीच्या लग्नाची फिल्म करून घ्यायला आलेले वडील आधी मशिनकडे बघतात आणि मग शोरीलकडे. ‘केवढ्याचं आहे हो?’ हा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा निश्चिंत होतो. त्या दिव्यांनी एक फ्रेमही लवकर रेंडर होत नाही हे त्यांना सांगायला मी गेलेलो नाही. दिवे अजून चालू आहेत. ‘दणकून घे’ या धोरणात कामाइतकाच हा दिखावाही होता, आणि पाहुणे गेल्यावर ते मशिन एकट्याने बघत बसण्यातलं सुखही होतं. सुख खोटं नव्हतं. फक्त त्याचा खर्च मी धंद्याच्या खात्यात लिहीत होतो.

हल्ली कुणी बजेट सांगून ‘सर, कॉन्फिगरेशन द्या’ म्हणाला की मी विचारतो, कॅमेरा कोणता, फाइल कसली आणि तू थांबतोस नेमका कुठे? बऱ्याच जणांना तिसऱ्याचं उत्तर देता येत नाही, कारण अजून मशिन नाही आणि थांबण्याचा अनुभवही नाही. त्यांना मी मधलं मशिन, चांगला पॉवर सप्लाय, दोन रिकामे रॅम स्लॉट, रंग खरे दाखवणारा मॉनिटर आणि बॅकअपसाठी दोन वेगळ्या डिस्क सांगतो. मॉनिटरचं ऐकून पोरं नाराज होतात.

रिकाम्या स्लॉटचा सल्ला मात्र २०२५ च्या अखेरीस माझ्याच अंगावर आला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, रॅमचे भाव भडकले, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशल या नावाने ग्राहकांना विकायची मेमरी बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘नंतर भर’ म्हणून ज्यांना सांगितलं होतं ते आता फोन करतात, आणि त्यांच्यापुढे माझी बाजू लंगडी आहे. एकदाच दणकून घेतलेले माझे जुने चेले या बाबतीत सध्या जिंकलेत, हे मान्य करतो. यंदा मी स्वतः यूपीएसची बॅटरी सोडून काही घेणार नाही. पण सोळा जीबीवर फोर-के आरामात होतं असं जो कुणी म्हणेल, त्याच्याशी आजही भांडायला तयार आहे.