पथ्य आणि गाजरगवत

बेळगावहून बंगळुरूस आलेल्या एका गृहस्थांना पन्नाशीत इसबाने गाठले. पहिला दोष अर्थातच वांग्यावर आला. मग दही गेले, मासे गेले, लोणचे गेले. चरकसंहितेत विचर्चिका क्षुद्रकुष्ठांत गणली आहे आणि दुधासह मासे वर्ज्य मानले आहेत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून पथ्य त्यांनी निष्ठेने पाळले. विशिष्ट अन्न काहींना बाधते, हे खरेच. परंतु परीक्षेवाचून एकेक पदार्थ टाकत गेल्याने त्यांचा देह तेवढा वाळला. चेहरा, पापण्या, मान यांची खाज तशीच राहिली. वस्त्राबाहेरच्याच त्वचेला हा दाह का, असे कोणी विचारले नाही.

कारण फिरायच्या वाटेवरील ओसाड भूखंडावर उभे होते. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले गाजरगवत पुढे बंगळुरूभोवतीही माजले. त्याचा नाश करण्यासाठी १९८४ मध्ये मेक्सिकन भुंगे याच शहरात सोडण्यात आले. तरी ते समूळ गेले नाही. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य सुक्या कणांबरोबर वाऱ्याने अंगावर येते. पॅच चाचणीत हे उघड झाले. गृहस्थांनी वाट बदलली; स्नानानंतर मलम लावणे मात्र सुटले नाही. पुढे पत्नीने भरली वांगी केली, तेव्हा पहिला घास त्यांनी भीतभीतच घेतला.