नवेगावबांधचं मातीचं घर

मैत्रिणींनो, सुटीत थंड हवेसाठी तुम्ही कुठे कुठे जात असाल. मी मात्र सासरी, नवेगावबांधला जाते. गोंदिया-बल्लारशा गाडीनं देवलगाव स्टेशनवर उतरलं की गाव जवळच.

गावाला डोंगरांचा वेढा आहे; त्यांना सगळे ‘सात बहिणी’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी या बहिणींमधल्या खिंडी मातीच्या पाळींनी बुजवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव झाला. यंत्र नाही, सिमेंट नाही! त्याच पाटलांना लोकांनी पुढे ‘कोलासुर’ म्हणून देवपण दिलं.

पुण्यानाशकाकडच्या मैत्रिणींच्या ओळखीचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पूर्व विदर्भातला पुष्कळसा खडक त्याहून कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडचा. (शाळेत शिकवते ना, राहवत नाही!) हा खडक इतका घट्ट, की पाणी पोटात फारसं साठवत नाही. धानाला तर पाणी हवंच. म्हणून या भागात गावोगाव तलाव आणि बोड्या.

आमच्या घराच्या भिंतीही तलावाच्या गाळाच्या. हात-दीड हात जाड, वरून छुईचा हात, माथ्यावर कवेलू. लग्न होऊन आले तेव्हा मला या घराची लाज वाटायची. माहेरची माणसं यायची म्हटलं की मी आधी भिंतींकडे बघायची. ‘स्लॅब कधी घालायचा?’ हा धोशा पहिल्या वर्षापासून मीच लावला होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या पावसात स्वयंपाकघराची मागली भिंत बसली. आता दीर म्हणतात, सगळंच पाडू. कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. दरवर्षी छपरावर चढणार कोण? पण सासूबाई एवढंच म्हणाल्या, “स्लॅबखाली जीव उकडते माझा, माय.”

मे महिन्यातल्या दुपारी त्यांच्या ओसरीवर चटई टाकून पडले, तेव्हा त्यांचं म्हणणं मला अंगानं कळलं. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता, आत पंखाही लावला नव्हता.

शेवटी असं ठरलंय: मागे विटांचं स्वयंपाकघर, पुढची ओसरी आणि माजघर आहे तसंच. दीर अजून पुरते राजी नाहीत. दिवाळीनंतर गाळाची माती आणायची आहे, आणि ती तुडवायला सासूबाईंनी माझं नाव आधीच सांगून ठेवलंय.