दुसरा डबा

माझं वजन का वाढलं, याचं उत्तर रेल्वेच्या टाइमटेबलात होतं. बदलापूर ते सीएसएमटी जवळपास ६८ किलोमीटर, म्हणजे एका बाजूला दीड तास. संध्याकाळच्या गाडीत कुर्ला येईपर्यंत फरसाणाचं पाकीट संपायचं, पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचे पेढे फिरायचे. घरी साडेनऊला सासूबाईंनी गरम करून ठेवलेलं आमटी-भात-भाजी-पोळीचं ताट. जेवलं की अंथरूण.

डॉक्टरांनी वजनाआधी कमरेला टेप लावली. भारतीय बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा, पुरुषांना ९०. बीएमआयसुद्धा पाश्चात्त्यांचा २५ असेल तर आपला २३ पासूनच जास्त धरतात, कारण आपल्याकडे चरबी पोटावर साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. माझी टेप ऐंशी ओलांडून बरीच पुढे गेली होती.

लेडीज डब्यात सल्ल्यांना तोटा नाही. एका बाकावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा गट. मूळ पद्धत डॉ. श्रीकांत जिचकारांची, दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत. समोर ऋजुता दिवेकरांचा गट, तूप-भाताला नावं ठेवायची नाहीत म्हणणारा. मधल्या बायका मेथी निवडत दोन्ही गटांना मान डोलावतात आणि फेरीवाल्याकडून चिक्की घेतात. मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटायचं. पण माझ्या दिवसातलं सर्वांत मोठं जेवण रात्री दहाला होत होतं, त्यावर कुणीच बोलत नव्हतं.

म्हणून सकाळी दोन डबे भरायला लागले. दुसरा ऑफिसातच, सहा वाजता, गाडी पकडण्याआधी. उसळ, कोशिंबीर आणि पोळ्या (भाकरी तोवर वातड होते). घरी आल्यावर फक्त ताक किंवा मुगाचं कढण.

भूक सांभाळणं सोपं गेलं, सासूबाईंना सांभाळणं कठीण. ‘‘दिवसभर राबून येतेस आणि ताटावर बसत नाहीस?’’ हे रोज. शेवटी ठरलं की रविवारी दुपारी त्यांच्या हातचं सगळं, वरण-भात-तुपासकट, हात न आखडता. बाकीच्या रात्री मी ताकाचा पेला घेऊन त्यांच्याबरोबर बसते. खरं तर त्यांना सोबतच हवी होती.

चालण्यासाठी वेगळा वेळ मिळणं शक्यच नव्हतं. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग सोडली आणि कात्रपला घरापर्यंत पायी जाऊ लागले. रविवारी सकाळी मुळगावच्या खंडोबाच्या पायऱ्या. धो-धो पावसात दोन्ही बंद, तेव्हा सोसायटीचे जिने. कंटाळवाणे, पण कोरडे. वडापाव साधारण ३०० कॅलरींचा, आणि तेवढ्या जाळायला तासभर झपाझप चालावं लागतं. त्यामुळे माझं वजन उतरवलं ते दुसऱ्या डब्याने. चालण्याने ते पुन्हा चढू दिलं नाही.

गाडीतल्या तोंडाला मात्र काहीतरी लागतंच. जूनमध्ये जांभळं असतात; बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ती खाताना थोडी ऐटही मिरवता येते. इतर वेळी पर्समध्ये फुटाणे-शेंगदाणे. पुडी उघडली की दोन्ही गट हात पुढे करतात, आणि माझ्या वाट्याला मूठभरच उरतात.