खाली सही करा



मी एका बँकेत काम करते. माझे वय तेवीस वर्षे. मुंब्र्याच्या एका उर्दू शाळेत मी शिकले. म्हणजे कालपरवापर्यंत मी तुमच्याच बाकावर बसत होते आणि तुमच्यासारखेच मराठीचे पुस्तक उघडून कठीण शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढत होते. आज तुम्हांला माझ्या रोजच्या दिवसाविषयी सांगायचे आहे. त्यात मोठे पराक्रम नाहीत. लहान लहान आनंद मात्र पुष्कळ आहेत.

माझा दिवस पहाटे सुरू होतो. अम्मी माझ्या आधी उठलेली असते. ती पोळ्या लाटते, मी भाजी डब्यात भरते. अब्बा चहाचा कप पुढे करतात आणि रोज तेच विचारतात, "पास लिया?" पास पर्समध्येच असतो हे त्यांना ठाऊक असते. तरीही ते विचारतात. त्यांनी विचारले नाही, तर मला चुकल्यासारखे वाटेल.

मग स्टेशन आणि धीम्या गाडीचा महिलांचा डबा. गर्दी असतेच. पण गाडी मुंब्रा सोडते तेव्हा एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी दिसते. पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरतात. त्या दोन मिनिटांत मी कोणाशीही बोलत नाही. ठाण्याच्या पुढे मी ज्या मार्गाने जाते, त्याच मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली होती. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. इतक्या जुन्या वाटेवरून आपण रोज कामाला जातो, या विचाराने मला उगीचच रुबाबदार वाटते!

आमचा डबा म्हणजे एक छोटे गावच. कोणी मेथी निवडते, कोणी जपमाळ ओढते, कोणी उभ्या उभ्या डुलकी घेते. एक काकू कल्याणहून येतात. घाटकोपरला उतरणाऱ्या बाईची जागा त्या माझ्यासाठी आधीच सांगून ठेवत. पण मी तर भांडुपलाच उतरते! हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता त्या स्वतःच थोड्या सरकतात आणि म्हणतात, "ये गं, चौथी सीट तुझी." चौथ्या सीटवर धड बसताही येत नाही. पण कोणीतरी आपल्यासाठी सरकले, याचे सुख पूर्ण सीटपेक्षा मोठे असते.

बँकेत माझे काम खिडकीवर असते. पैसे घ्यायचे, मोजायचे, नोंद करायची, शिक्का मारायचा. नोटा मोजण्याचे यंत्र दिवसभर फडफडत असते. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतन घेणारे आजी-आजोबा हयातीचा दाखला देण्यासाठी येतात. "मी जिवंत आहे, हे लिहून घे बाई," असे म्हणून एक आजोबा दरवर्षी हसतात. मीही हसते. पुढच्या नोव्हेंबरात ते पुन्हा दिसले, की मला फार बरे वाटते.

तुम्ही विचाराल, हिने बँकेचीच नोकरी का धरली? त्यासाठी तुम्हांला थोडे मागे न्यावे लागेल.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजार रुपयांच्या जुन्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. तेव्हा मी नववीत होते. अम्मी घरी कपडे शिवते. शिलाईच्या पैशांतून तिने माझ्या पुढच्या शिक्षणासाठी पाचशेच्या तेवीस नोटा तांदळाच्या डब्यात साठवल्या होत्या. अकरा हजार पाचशे रुपये! अब्बा कामावर गेले होते. अम्मी मला घेऊन बँकेच्या रांगेत उभी राहिली. तिच्या नावाचे खाते होते, पण ती तिथे फारशी गेलेली नव्हती.

तिथे आम्हांला पैसे भरण्याची स्लिप मिळाली. मला मराठीत चांगले गुण मिळत असत. पण परीक्षा वेगळी आणि रांग वेगळी. माझा हात थरथरू लागला. आमच्या मागे एक बाई उभ्या होत्या. खांद्याला डब्याची पिशवी होती. त्या म्हणाल्या, "घाबरतेस कशाला? नीट वाच. तारीख, रक्कम, जमा. हे शब्द तुमच्या उर्दूत नाहीत का?"

मी पाहिले. खरेच की! तारीख, रक्कम, जमा. सगळे ओळखीचे! परक्या घरी जावे आणि दार आपल्याच मामीने उघडावे, तसे मला झाले. मी भराभर स्लिप भरली.

पण खिडकीशी पोहोचल्यावर गंमत झाली. गंमत तरी कशी म्हणू? आतल्या कर्मचाऱ्याने स्लिप परत सरकवली आणि तो म्हणाला, "खाली सही करा."

अम्मी गोंधळली. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे आणि 'सही' म्हणजे बरोबर. तिने नोटा वर धरल्या आणि म्हणाली, "खाली नहीं है साहब, पैसे हैं. गिनती भी सही है."

रांगेतले लोक हसले.

मुलांनो, मला दोन्ही शब्दांचे मराठी अर्थ येत होते. 'खाली' म्हणजे तळाशी आणि 'सही' म्हणजे दस्तखत. मी एक वाक्य बोलले असते, तर अम्मीची फजिती झाली नसती. पण हसणारे लोक पाहून माझी जीभ टाळूला चिकटली. मी मान खाली घालून उभी राहिले. मागच्या बाईच पुढे आल्या. त्यांनी अम्मीला समजावले. अम्मीने मुकाट्याने अंगठा उठवला.

घरी येऊन ती साबणाने अंगठ्यावरची शाई घासत बसली. मी विचारले, "अम्मी, तू खालाला उर्दूत पत्रं लिहितेस. मग अंगठा का लावलास?"

ती म्हणाली, "अपनी उर्दू वहाँ कौन पढ़ेगा, बेटी?"

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आपल्याला भाषा येत असूनही वेळेला आपण गप्प बसलो, याची टोचणी त्याहून अधिक होती. त्या दिवसापासून मी मराठी गुणांसाठी न शिकता बोलण्यासाठी शिकू लागले. भाजीवालीशी बोलले, कंडक्टरशी बोलले, चुकले, पुन्हा बोलले. पदवी घेतली, बँकेची परीक्षा दिली आणि खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन बसले.

कामाला लागल्यावर मला पहिली महत्त्वाची गोष्ट कळली. सही कोणत्याही लिपीत केलेली चालते. बँकेकडे असलेल्या नमुन्याशी ती जुळली पाहिजे, एवढेच. मी घरी जाऊन अम्मीला हे सांगितले. तिचा विश्वास बसेना. मग आठ दिवस ती जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर आपले नाव लिहीत राहिली.

एका रजेच्या दिवशी मी तिला तिच्या बँकेत घेऊन गेले. अर्ज, फोटो आणि ओळखपत्र दिले. तिथल्या ताई म्हणाल्या, "खाली सही करा." या वेळी अम्मी गोंधळली नाही. तिने पेन घेतले आणि उजवीकडून डावीकडे, सावकाश, आपले नाव लिहिले. ताईंनी ते पाहिले आणि शिक्का मारला. कोणी हसले नाही, कोणी काही विचारलेही नाही. माझ्या पहिल्या पगारातून अब्बांना चष्मा आला, धाकट्या बहिणीला कंपासपेटी आली. त्याचा आनंद झालाच होता. पण त्या शिक्क्याच्या आवाजाने झाला तेवढा आनंद मला आजवर दुसऱ्या कशानेही झालेला नाही.

आता माझ्या खिडकीवर कोणी स्लिप हातात धरून घुटमळले, तर मी नुसते "खाली सही करा" असे म्हणत नाही. ओळीवर बोट ठेवते आणि सांगते, "इथे तुमचं नाव लिहा. कोणत्याही भाषेत लिहा." त्यांचा चेहरा उजळतो. संध्याकाळी गाडीत उभी असताना मला तो चेहरा आठवतो आणि दिवसाचा शीण निम्मा होतो.

जाता जाता एक काम सांगते. घरी गेल्यावर शंभराची एक नोट मागून घ्या. तिच्या मागच्या बाजूला भाषांची एक पट्टी आहे. त्यात पंधरा भाषांमध्ये 'शंभर रुपये' असे लिहिलेले असते. वरून मोजत या. आठवी ओळ मराठीची आहे आणि शेवटची, पंधरावी, उर्दूची. मी दिवसभरात अशा शेकडो नोटा मोजते. त्या दोन्ही ओळी मला वाचता येतात.

तुम्हांलाही येतात. मग कधी रांगेत कोणाची अम्मी, कोणाची आजी गोंधळून उभी असेल, तेव्हा माझ्यासारखे गप्प राहू नका. एक वाक्य बोला.