दगडाला आवाज देताना

टीव्हीवरच्या परग्रहवासीयाची भीती रंगभूषेमुळे वाटते, असा प्रेक्षकांचा समज असतो. निम्मं काम आवाजवाल्यांचं असतं. परग्रहवासी जर दगडच असेल, तर जवळजवळ सगळंच.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत १९७८ साली ‘द स्टोन्स ऑफ ब्लड’ ही चार भागांची कथा आली. झपाटलेला ओसाड माळ, त्यावर उभ्या शिळांचं वर्तुळ, आणि मग कळतं की त्यातल्या काही शिळा मुळी शिळा नाहीतच. फार पूर्वी परग्रहावरून आलेले, रक्तावर जगणारे ओग्री आहेत ते. चित्रण इंग्लंडमधल्या रोलराइट शिळांपाशी झालं. तिथली दंतकथा अशी, की या शिळा म्हणजे दगड होऊन पडलेला राजा आणि त्याची माणसं. मोजायला जाल तर दर वेळी आकडा वेगळा येतो. माहुलीच्या सुळक्यांना नवरा, नवरी आणि भटोबा म्हणणाऱ्यांनी यात नवल मानायचं कारण नाही. पडद्यावर चाल करून येणारा ओग्री हे अर्थातच एक हलकं सोंग. त्याला टनभर वजन आवाजानंच द्यायचं. या कथेचे खास आवाज बीबीसीच्याच रेडिओफॉनिक वर्कशॉपच्या एलिझाबेथ पार्कर यांचे. डोळ्यांना जे पटत नाही ते कानांना पटवण्याचा धंदा आहे हा.

मी फोली करतो. राहायला चेन्नईच्या अण्णा नगरात, काम वडपळनीच्या बाजूला. बाहेरची मालिका डबिंगला येते तेव्हा तिच्याबरोबर संवाद वगळून उरलेल्या आवाजांचा ट्रॅक यावा लागतो. तो पुष्कळदा अर्धवट असतो. मग पावलं, कपड्यांची सळसळ, दारं, भांडी असं सगळं चित्र बघत बघत नव्यानं वाजवायचं. त्यात कधी कधी दगडही चालवावा लागतो.

नवशिक्याला वाटतं वजन म्हणजे खर्ज. तो चाळीस हर्ट्‌झची घरघर लावतो आणि खूश होतो. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ती छाती हलवते, पण घरच्या टीव्हीचा चपटा स्पीकर शंभरच्या खाली फारसं काही देतच नाही. उपाय जुना आहे. चाळीसच्या पटीतले सूर, म्हणजे एकशे वीस, एकशे साठ, दोनशे, नीट ऐकू येतील असे ठेवायचे. मूळ खर्ज तिथे नसला तरी कान तो भरून काढतो.

पण वजनाची खरी जागा शेवटाला असते. आम्ही पाट्यावर थोडी वाळू टाकून दुसरा दगड ओढतो. सुरुवातीला तो अडतो, मग कचकन सुटतो, मग खरखर. आणि तो थांबल्यावर किंचित दम धरून दोन खडे पडू द्यायचे. एवढ्यानं दगड अवजड होतो. खडे लगेच पडले तर थर्माकोल. आमचा मिक्सिंगवाला खडे पडेपर्यंत डोळे मिटून बसतो आणि मग म्हणतो, “इप्पो कल्लु, सार.” आता दगड झाला.

दगडाची जातही कळावी लागते. पल्लावरमचा चार्नोकाइट घट्ट, त्यावर टोला मारला की खणखणतो. कोलकात्यात जॉब चार्नॉकच्या थडग्याला हाच दगड आहे, त्यावरूनच नाव पडलं. त्याच पल्लावरमला १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना जांभ्याच्या मुरमात अश्मयुगीन हत्यार सापडलं. जांभा मात्र सच्छिद्र. तो आवाज पितो.

म्हणूनच झपाटलेल्या माळावर घुमारा घालायला माझा विरोध असतो. दिग्दर्शकांना भूत म्हटलं की गुहेसारखा घुमणारा आवाज हवा असतो. त्यांनी रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रात्री उभं राहून बघावं. गुडघ्याच्या वर काही नाही, त्यामुळे मारलेली हाक कुठून परत येत नाही. चकवा लागतो म्हणतात तो असल्याच जागी. भीती कोरडी असते. पावलं जवळ, स्पष्ट, आणि त्यांच्यामागे काही नाही.

त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. देवाचे गोठणे इथल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. जांभ्यात लोह भरपूर असतं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी ही शिल्पं गावोगाव फिरून उजेडात आणली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. लगोलग ‘हे एलियन्सचं काम’ म्हणणारेही आले. त्यांचा आद्यगुरू एरिक फॉन डॅनिकेन. त्याचं पहिलं पुस्तक १९६८ चं, म्हणजे आमच्या अण्णा नगरच्या टॉवरच्याच वयाचं. बाळ भागवतांच्या मराठी अनुवादातून ते आपल्या घराघरांत पोचलं. वाचायला मजा येते. पण दर वेळी श्रेय आकाशातल्याला आणि उन्हात बसून ठोकणारा माणूस बाद, हा हिशेब मला मान्य नाही.

आमच्या गल्लीत अजून क्वचित अम्मीला, म्हणजे पाट्याला, टाकी लावणारा येतो. त्याचे ठोके मी ध्वनिमुद्रित करून ठेवलेत: टक, टक, मग फुंकर, मग पुन्हा टक. एका मालिकेत पुरातन परग्रहवासी जमिनीखालून बोलतात तिथे मी तेच ठोके खूप संथ करून घातले. यंत्राचा एकही आवाज नाही. निर्मात्यांना ते फारच अमानवी वाटले. मी काही बोललो नाही, बिल लावलं.

पाऊस सरल्यावर देवाचे गोठण्याला जरूर जा. होकायंत्र न्या. मात्र चित्राच्या रेषेच्या आत पाय ठेवू नका. जांभ्याच्या कडा झिजतात.