भाजी कधी काढलीय?

पावसाळ्यात कोल्हापुरात भाजीला तोटा नसतो. टिकणारी भाजी मात्र मिळता मिळत नाही. लक्ष्मीपुरीतून सकाळी आणलेल्या मेथीत रात्री हात घातला तर आत ऊब लागते, आणि दुसऱ्या दिवशी मधली पानं काळी, चिकट होतात. काढलेली भाजीही श्वास घेतच असते, त्यातून उष्णता निघते. पाणी मारून गच्च बांधलेल्या पेंढीत ती कोंडते आणि कूज धरते. पण पाण्यानं पेंढी टवटवीत दिसते, म्हणून गिऱ्हाईक तीच उचलतं.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शिरोळकडचे मळे बुडालेले. भाजी येणार कुठून? आमच्या भागात वीजही नव्हती, त्यामुळे फ्रिज असून नसल्यासारखा. घर तगलं ते सासूबाईंच्या शिस्तीवर: माळ्यावर पसरलेला कांदा, त्याच्यापासून लांब अंधारात बटाटा, उन्हाळ्यात वाळवलेली गवारी, सांडगे आणि देठासकट अख्खा लाल भोपळा. न चिरलेला भोपळा महिनोन्‌महिने राहतो. त्या आठवड्यात तो चिरला आणि शेजारीपाजारी फोडी वाटल्या. जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा माळा मीच भरून ठेवला होता.

पालेभाजी मात्र माळ्यावर ठेवता येत नाही. ती मी मंडईच्या टोकाला बसणाऱ्या एका मावशींकडून घेते.

"मावशी, कधी काढलीय?"

"आज पाटंची हाय. पानी मारल्यालं न्हाई, म्हणून जरा मलूल दिसंल. घरात गेल्यावर धुऊ नकासा, कोरड्या फडक्यात गुंडाळा."

पहाटेची भाजी मुळात थंड असते, कोरडी असली की तग धरते. टोमॅटो आणि केळी मी तिच्याजवळ ठेवत नाही. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं पानं लवकर पिवळी पडतात. वांगी फ्रिजच्या गारठ्यानं डागाळतात, ती बाहेर टोपलीत ठेवून लगेच संपवायची.

मला वाईट वाटतं ते मावशींचं. शेजारच्या ओल्या, चकाकत्या पेंढ्या दुपारपर्यंत संपतात आणि यांचा चोख माल संध्याकाळी पडत्या भावानं जातो. आता गल्लीतल्या बायकांना मी सकाळीच त्यांच्याकडे घेऊन जाते, आणि कुणालाही भाव पाडून मागू देत नाही.