हरकत घेणारी माणसे

महसूल खात्यात कारकून म्हणून शिरून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो, तेव्हा उरलेले आयुष्य नांदेडच्या जुन्या वस्तीत वाचन आणि गोदावरीच्या काठचा फेरफटका एवढ्यावर सुखाने जाईल, अशी माझी समजूत होती. परंतु पुण्यातील एका संगणक कंपनीत नोकरीस असलेल्या माझ्या पुतणीने, “काका, तुमच्यासारखी खोट काढणारी माणसंच आम्हाला हवी आहेत,” असे म्हणून मला ज्या उद्योगात ओढले, त्याने त्या समजुतीचा निकाल लावला. उद्योग असा, की मोबाइलवरचे एखादे ॲप बाजारात येण्यापूर्वी कंपनीचे पगारी टेस्टर ते तपासतातच, पण त्याखेरीज ते गावोगावच्या, निरनिराळ्या फोनांच्या आणि निरनिराळ्या सवयींच्या माणसांच्या हाती आधीच द्यायचे, त्यांनी ते आपापल्या रीतीने वापरून पाहायचे आणि आढळलेले दोष लेखी कळवायचे. दोष मान्य झाला तर त्यामागे ठरलेला मोबदला मिळतो. अमेरिकेत २००७ साली यूटेस्ट नावाच्या कंपनीने या पद्धतीचा रीतसर धंदा उभारला आणि पुढे २०१४ मध्ये तिने अ‍ॅप्लॉज हे नाव घेतले, ही माहितीही पुतणीनेच पुरवली.

मला मात्र त्यात नवे असे फारसे दिसले नाही, याचे कारण २०१७ च्या उन्हाळ्यात संगणकीकृत सातबाराचे चावडीवाचन राज्यभर झाले, तेव्हा एका गावच्या चावडीत मी स्वतः हजर होतो. मराठवाड्यातील जमिनीच्या दप्तराचा प्रवास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाचनाची निकड वेगळी सांगावी लागणार नाही. निजामाच्या अमदानीतील उर्दू कागद, हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर १९५४-५५ मध्ये तयार झालेले खासरा पत्रक, त्यावरून उतरलेले हस्तलिखित सातबारे आणि अखेरीस संगणक, अशा प्रत्येक मुक्कामावर कोणीतरी कोणाची तरी नक्कल केली होती, आणि नक्कल करणाराचा हात कितीही सराईत असला तरी एखादे नाव, एखादा हिस्सा, एखादा बोजा त्यातून निसटतच असे. कचेरीत बसून आम्ही कारकुनांनी हे सारे ताडून पाहिले होते. तरीही खातेदारांना समोर बसवून, खाते क्रमांक, नावे, क्षेत्र आणि इतर हक्क मोठ्याने वाचून दाखवावेत आणि हरकती मागवाव्यात, असे शासनास वाटले, ते योग्यच होते.

त्या चावडीत मी पाहिलेली एक गोष्ट माझ्या मनात पक्की रुतून बसली. दुसऱ्याच्या खात्याचे वाचन चालू असताना मंडळी विड्याकाडीत रमत, पण स्वतःचे नाव येताच कान टवकारत. एका खातेदाराचा वाटणीने आलेला तुकडा आठ आर, म्हणजे ०.०८ हेक्टर; संगणकात एक शून्य जागा सोडून बसल्यामुळे तो झाला होता ०.८०. तलाठ्याने ते क्षेत्र स्वच्छ उच्चारात वाचले आणि ज्याच्या नावावर ते होते, तो इसम शांतपणे मान डोलावून खाली बसला. हरकत घेतली ती त्याच्या बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याने! “साहेब, त्याचं ऐंशी आर कामून झालं? मग माझं कुठं गेलं?” असे विचारीत तो उठून उभा राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली अशा लेखनप्रमादांची दुरुस्ती करता येते आणि ती यथावकाश झालीही. परंतु ज्या चुकीने माणसाचा फायदा होतो, ती चूक तो माणूस सहसा कळवीत नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी टिपून ठेवली.

पुतणीने माझ्याकडे सोपविलेले ॲप शेतमालाविषयीचे होते. शेतकऱ्याने आपले नाव नोंदवावे, लातूरच्या बाजारातील सोयाबीन-तुरीचा भाव पाहावा, किती माल आहे ते भरावे आणि तो अडत्याकडे पोचविण्यासाठी गाडी ठरवावी, अशी त्याची योजना. कंपनीचे नाव मी येथे घेत नाही. तिचा हेतू चांगला होता आणि दोष कोणाच्या कामात नसतात? मी अर्धापूरकडचा एक केळीवाला, देगलूरची कॉलेजात शिकणारी एक मुलगी, लातूरच्या अडत दुकानातला एक मुनीम, मालवाहू टेम्पो चालविणारा एक गृहस्थ आणि आणखी काही मंडळी जमविली. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून जे कळविले जाई, ते बहुधा “चालत नाही” या दोन शब्दांत आटोपलेले असे, आणि पुण्याहून तितक्याच थोडक्यात उत्तर येई: “रिप्रोड्यूस होत नाही.” म्हणजे तुम्ही म्हणता तसे आमच्याकडे काही घडत नाही. येथे माझी जुनी नोकरी कामास आली. पंचनाम्यात स्थळ, वेळ, हजर इसम आणि पाहिलेली वस्तुस्थिती एका क्रमाने येते, तसे मी प्रत्येकाला फोन करून विचारू लागलो: फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, नेट होते की गेले होते, कोणते बटन आधी दाबले, काय दिसायला हवे होते, प्रत्यक्षात काय दिसले, त्याचा स्क्रीनशॉट आहे काय. एवढे लिहून पाठविले की पुण्याचा सूर बदले.

सर्वांत गमतीचा दोष कऱ्हाळे या आडनावाने बाहेर काढला. आमच्याकडे हे आडनाव काही दुर्मिळ नाही. या आडनावाच्या एका शेतकऱ्याची नोंद ॲपवर झालेली होती, त्याला संदेशही आलेला होता, पण देगलूरच्या मुलीने तेच नाव आपल्या फोनवरून शोधले की “नोंद आढळली नाही” असे उत्तर येई. अक्षर न् अक्षर तेच, डोळ्यांना तसूभर फरक नाही. पुतणीने उलगडा केला तो असा, की पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र संगणकाला दोन प्रकारे सांगता येतो: एका कळफलकावर ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, तर दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. माणसाला दोन्ही एकच दिसतात; यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. कंपनीतील टेस्टरांनी सगळी चाचणी एकाच कळफलकावर केली असल्यामुळे त्यांना हे आढळण्याचा संभव नव्हता. आमच्या मंडळींचे कळफलक मात्र जितकी घरे तितके होते.

या दोषाचा मोबदला फक्त देगलूरच्या मुलीला मिळाला. ज्या दुसऱ्या दोघांनी तोच दोष काही तासांनंतर कळविला, त्यांच्या अहवालावर “डुप्लिकेट” असा शेरा पडला. पहिल्यालाच पैसे, हा या धंद्यातला सरसकट नियम आहे आणि मला तो मुळीच पसंत नाही, कारण त्यामुळे माणसे खोलात शिरण्याऐवजी रंग फिका, अक्षर तिरके असल्या किरकोळ दोषांमागे घाईघाईने धावतात. डोनाल्ड कनूथ या अमेरिकन प्राध्यापकाने संगणकशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत चूक दाखवील त्याला दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश देण्याची प्रथा पाडली, आणि पुष्कळांनी तो न वटवता चौकटीत घालून भिंतीवर लावला, असे सांगतात. तेथे रक्कम नाममात्र होती आणि मान मोठा होता. येथे मान कोणी देत नाही, आणि रकमेवरून मात्र भांडणे होतात.

पण मला खरे सांगायचे आहे ते गाडीभाड्याविषयी. मालाचे वजन मराठी अंकांत, म्हणजे १२.५ क्विंटल असे भरले, तर ॲपला ते अंकच वाटत नसत आणि वजन शून्य धरून गाडीचे भाडेही ते शून्य दाखवी. आमच्यापैकी निम्म्यांहून अधिक मंडळी मराठी कळफलकच वापरीत. म्हणजे हा दोष त्यांच्यासमोर रोज उभा होता, आणि तरीही कित्येक दिवस तो एकाच्याही अहवालात आला नाही. केळीवाल्याला मी खोदून विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “कंपनीची सवलत असंल म्हणलं.” बिचाऱ्याचे काय चुकले? शेवटी हरकत आली ती टेम्पोवाल्याकडून, आणि तीही लेखी नव्हे, तर भल्या सकाळी फोनवर, चढ्या आवाजात: “साहेब, शून्यावर कोण गाडी लावतंय? डिझेल काय तुमची कंपनी टाकणार हाय?” मला तत्काळ चावडीतला तो शेजारी दिसू लागला.

त्यानंतर मी कंपनीस सविस्तर पत्र लिहिले. जमाव मोठा असला म्हणजे दोष आपोआप बाहेर पडतात, असे या धंद्यात मानले जाते. पण व्यवहाराच्या एकाच बाजूची हजार माणसे जमविली तरी दुसऱ्या बाजूला बसणारा फटका कोणी सांगणार नाही. म्हणून टेस्टर निवडताना केवळ फोनची जात आणि अँड्रॉइडची आवृत्ती न पाहता, देणारा कोण आणि घेणारा कोण हेही पाहावे, असे मी सुचविले. शिवाय जे दोष दोन्ही बाजूंना दिसत नाहीत, म्हणजे माहितीची चोरी, एकाच वेळी हजारो माणसे आली असता ॲपचे काय होईल, हिशेबाच्या पोटात कोठे पैसा गळतो, ते धुंडाळण्यासाठी कंपनीचा पगारी टेस्टरच लागतो. त्याचे काम आमच्या मंडळींकडून निघणार नाही आणि काढूही नये, हेही मी त्यात स्पष्ट लिहिले. पुतणीच्या वरिष्ठांना पत्राचा पूर्वार्ध फारसा रुचला नाही, उत्तरार्ध मात्र त्यांनी कोणत्यातरी बैठकीत वाचून दाखविला म्हणे.

तरी पुढच्या फेरीस मंजुरी मिळाली, ती माझ्या यादीसकट. लातूरच्या मुनिमाने आपल्या दुकानावरचे दोन हमाल आणले. त्यांपैकी एकाने फोन हातात घेतला, पट्टीवर अडत आहे, तोलाई आहे, मग हमालीचा रकाना कोठे आहे असे विचारले, आणि तो नाही असे कळताच फोन तेथेच खाली ठेवला. मी तो दोष म्हणून नोंदविला. पुण्याहून उत्तर आले, की हा बग नसून नवीन मागणी आहे, सबब मोबदला देय नाही. मी कैफियत पुन्हा सादर केली आहे आणि प्रकरण अद्याप निकाली निघालेले नाही.